फरक ओळखणारा खडा

रात्री साडेनऊनंतर मुंबईत ठाकूरद्वारच्या नाक्यावर एकेक शटर खाली येऊ लागतं. दुकानदार कुलूप दोनदा ओढून बघतो आणि चर्नी रोडची वाट धरतो. आत अंधारात, छताजवळच्या कोपऱ्यात, तळहाताएवढी पांढरी डबी जागी असते. तिच्या पुढ्यात दुधी प्लॅस्टिकचा फुगीर तुकडा. गिऱ्हाईकं तिला सर्रास कॅमेरा समजतात. तिला चेहरा दिसत नाही, रंग कळत नाही, दिवा लागला की विझला याच्याशी तिचं देणंघेणं नाही. समोरून येणाऱ्या उष्णतेत आत्ता फरक पडला, एवढंच तिला कळतं.

या डबीला धंद्यातले लोक ‘पीआयआर’ म्हणतात, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड. स्वतः ती काहीच सोडत नाही, येणारं तेवढं टिपते. माणसाची कातडी साधारण ३३-३४ अंश सेल्सियस तापमानाची असते आणि तिच्यातून सतत अवरक्त किरण निघत असतात. त्यांचा जोर ९ ते १० मायक्रॉन तरंगलांबीपाशी सर्वांत जास्त. आपल्या डोळ्याची धाव ०.७ मायक्रॉनलाच संपते. हे किरण साध्या काचेतून जात नाहीत, म्हणून या डबीचं भिंग काचेचं नसतं, पॉलिथिलीनचं असतं. आणि म्हणूनच काचेच्या शोकेसमागे बसवलेला पीआयआर आंधळा ठरतो. फर्निचर नव्यानं करून घेताना सुतार नेमकी हीच चूक करतात.

डबी उघडली की हिरव्या पट्टीवर शर्टाच्या बटणाएवढं धातूचं टोपण दिसतं, त्याला चौकोनी काळपट खिडकी. सगळी करामत त्या टोपणात आहे. आत एका खास स्फटिकाचे दोन इवलेसे तुकडे शेजारी शेजारी असतात. या जातीच्या स्फटिकाचं तापमान बदललं की त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार जमतो. तापमान स्थिर झालं की भार हळूहळू विरून जातो. स्फटिक किती गरम आहे याला महत्त्व नाही, तो गरम होतोय का याला आहे.

हा गुण माणसाला कळला तो रत्नांच्या व्यापारातून. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून तुरमलीनचे खडे युरोपात नेले. खडा निखाऱ्याजवळ तापला की राखेचे कण त्याला येऊन चिकटत, म्हणून डचांनी त्याला राख ओढणारा असंच नाव दिलं. १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरनं या गुणाला ‘पायरोइलेक्ट्रिसिटी’ म्हटलं, ते नाव आजही चालतं. ठाकूरद्वारहून भुलेश्वर ओलांडलं की झवेरी बाजार. जवाहिऱ्यांच्या कागदी पुड्यांत तुरमलीन असतो, आणि ज्या तिजोरीत त्या पुड्या जातात तिच्यावर पहारा असतो तो त्याच गुणाच्या, पण प्रयोगशाळेत बनवलेल्या स्फटिकाचा. या साऱ्या विषयात इतकी देखणी गोष्ट दुसरी नाही.

पण मग दोन तुकडे कशाला? ते एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दुपारी शटर तापून सगळी खोलीच गरम झाली तर दोन्ही तुकडे सारखेच तापतात आणि त्यांचे संकेत एकमेकांना मारून टाकतात. माणूस आडवा चालत गेला, तर त्याची उष्णता आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. संकेत आधी वर उडी घेतो, मग खाली. अशी जोडी दिसली की अलार्मचं पॅनेल हूटरला हुकूम देतं.

त्या दुधी भिंगाकडेही नीट पाहावं. बोट फिरवलं की आतल्या बाजूला बारीक चर लागतात. ऑगस्टिन फ्रेनेलनं दीपगृहांसाठी काढलेली ही युक्ती. फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात १८२३ मध्ये ती पहिल्यांदा बसली. जाड भिंगाचा गाभा काढून टाकायचा आणि वक्र पृष्ठभाग तेवढा कड्याकड्यांनी सपाट मांडायचा. पीआयआरमध्ये अशी अनेक छोटी भिंगं एकाच पातळ पत्र्यावर असतात. प्रत्येक भिंग खोलीचा एकच अरुंद पट्टा स्फटिकावर आणतं, दोन पट्ट्यांच्या मधली जागा मुद्दाम मोकळी. चोर एका पट्ट्यातून दुसऱ्यात पाऊल टाकतो तेव्हा फरक घडतो. यातूनच पीआयआरचा एक दोषही येतो: आडवा जाणारा त्याला चटकन कळतो, नाकासमोर सरळ चालत येणारा उशिरा. म्हणून जाणता कारागीर डबी दारासमोर न लावता दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात लावतो.

मुंबईचा मे महिना हा पीआयआरचा खरा शत्रू. कमाल तापमान ३३ अंशांच्या पुढे, बंद दुकानात त्याहून जास्त. भिंत आणि माणसाची कातडी एकाच तापमानाला आली की फरक उरतच नाही. बऱ्या प्रतीच्या सेन्सरमध्ये यावर तोड असते: खोलीचं तापमान शरीराच्या जवळ आलं की तो आपली संवेदनक्षमता आपणच वाढवतो. लॅमिंग्टन रोडवर शंभर रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या सुट्या मॉड्यूलमध्ये ही सोय बहुधा नसते. त्यावर दोन छोटे गोल स्क्रू असतात, एक अंतराचा, एक वेळेचा. कॉलेजच्या प्रोजेक्टला आणि जिन्याच्या दिव्याला असं मॉड्यूल उत्तम. सोन्याच्या दुकानात ते लावणं हा शुद्ध अविचार.

जनावरांचं प्रकरण वेगळंच. पाल थंड रक्ताची, भिंतीवर लांब असली तर पीआयआर तिची दखल घेत नाही. तीच भिंगावर येऊन बसली की सगळी बिल्डिंग जागी होते. घूस जमिनीवरून गेली तर ‘पेट इम्यून’ सेन्सर तिच्याकडे काणाडोळा करतो, पण ती कपाटावर चढून डबीजवळ आली की तिलाही तो माणूसच समजतो.

बाकीचा इतिहास थोडक्यात. बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये दार उघडताच वाजणाऱ्या विजेच्या घंटेचं पेटंट घेतलं, एडविन होम्स यांनी ते विकत घेऊन त्याचा धंदा केला. इकडे अर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला, पुढे तिजोऱ्या आल्या. दाराच्या चौकटीतला चुंबकी कॉन्टॅक्ट पोपच्या घंटेचाच वंशज. मधल्या काळात अल्ट्रासोनिक सेन्सर आले, ते ऐकू न येणारा आवाज खोलीत भरून त्याच्या प्रतिध्वनीवर नजर ठेवत. पण पंख्याची हवासुद्धा त्यांना फसवी, त्यामुळे ते मागे पडले.

मायक्रोवेव्हवर मात्र थांबायलाच हवं. जगदीशचंद्र बसूंनी १८९५च्या सुमारास कलकत्त्यात अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. आजचा मायक्रोवेव्ह सेन्सर साधारण १०.५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. माणूस सेकंदाला एक मीटर चालीनं पुढे आला की परतणाऱ्या लहरीची कंप्रता सुमारे ७० हर्ट्झनं बदलते. हाच तो डॉप्लर परिणाम. इथे सरळ चालत येणारा चटकन सापडतो, म्हणजे पीआयआरच्या नेमकं उलट. उन्हाळ्याचाही त्याच्यावर परिणाम नाही. अडचण बसूंच्या घंटेचीच: लहरी भिंतीत अडत नाहीत. गिरगावातल्या चाळींत दोन खोल्यांमध्ये लाकडी पार्टिशन. मायक्रोवेव्ह त्यातून आरपार जातो आणि शेजाऱ्यानं कूस बदलली तरी इकडे हूटर वाजतो. पहाटे पाणी आलं की प्लॅस्टिकच्या पाइपातला प्रवाहसुद्धा त्याला हालचाल वाटतो.

म्हणून ‘ड्युअल-टेक’ आला. एका डबीत पीआयआर आणि मायक्रोवेव्ह, दोघा साक्षीदारांची जबानी जुळली तरच अलार्म. पाण्याला उष्णतेची साक्ष मिळत नाही, तापलेल्या पडद्याला वेगाची मिळत नाही. दागिन्यांच्या दुकानात याहून कमी काही लावूच नये.

चोरांनीही अभ्यास केलेला असतो. ऑपेरा हाउसच्या हिरे व्यापाऱ्यांचे नातेवाईक ज्या अँटवर्पमध्ये स्थायिक झाले, तिथल्या डायमंड सेंटरचं तळघर फेब्रुवारी २००३ मध्ये फुटलं. लिओनार्दो नोतारबार्तोलो हा त्या टोळीचा म्होरक्या. त्याच्या सांगण्याप्रमाणे आदल्या दिवशी त्यानं उष्णता-हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर केसांना मारायचा स्प्रे मारून ठेवला होता. तो पातळ थर अवरक्त किरण अडवतो. आता वरच्या दर्जाच्या सेन्सरमध्ये ‘अँटी-मास्क’ असतो, तो भिंगासमोर काही आलं की दिवसासुद्धा तक्रार करतो.

नवी मुंबईतल्या जुईनगरला नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरांनी वाट जमिनीखालून काढली. बँक ऑफ बडोदाच्या शाखेजवळचा गाळा भाड्यानं घेऊन त्यांनी भुयार खणलं आणि ३० लॉकर फोडले. अशा वेळी खोलीतला सेन्सर चोर आत शिरल्यावर जागा होणार. जमिनीतली छिन्नी ऐकायला काँक्रीटवर घट्ट बसवलेला कंपन-सेन्सर लागतो. तो गिरगावात बसवायचा तर अनंत चतुर्दशीचा विचार आधी करावा लागतो. चौपाटीकडे निघालेल्या मिरवणुकीतल्या ढोल-ताशांनी काचा थरथरतात, साधा शॉक सेन्सर रात्रभर ओरडत राहील. चांगलं यंत्र कंपनाची जात तपासतं, ड्रिलची सलग घरघर वेगळी आणि ताशाचा ठेका वेगळा.

आणि ठाकूरद्वारहून चालत जाण्याजोग्या अंतरावर, ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीत १९ मार्च १९८७ रोजी जे घडलं, त्याला कोणताच सेन्सर पुरा पडला नसता. सीबीआयचे अधिकारी म्हणवणारी माणसं भर दिवसा पुढच्या दारानं आली, झडती घेतली आणि ऐवज घेऊन गेली. दिवसा हालचाल टिपणारी यंत्रणा बंदच ठेवलेली असते.

आता २४ आणि ६० गिगाहर्ट्झचे बारके रडार आलेत. समोरचा माणूस निश्चल बसला तरी श्वासानं हलणारी छाती त्यांना कळते. दबा धरून बसलेला चोर पीआयआरला दिसेनासा होतो, यांना नाही. जुन्या वाड्यांत एकटे राहणारे आजी-आजोबा पडले तर कळावं, यासाठीही हेच रडार वापरता येतात, आणि तो उपयोग चोर पकडण्याहून मोलाचा आहे.

कोणताही सेन्सर घेतला तरी त्याला ‘वॉक टेस्ट’ असते. यंत्रणा त्या मोडवर टाकली की हूटर गप्प राहतो, हालचाल टिपली की डबीवरचा लाल दिवा तेवढा लागतो. बहुतेक दुकानांत ही चाचणी बसवण्याच्या दिवशी, एसी चालू असताना, एकदाच होते. ती व्हायला हवी मे महिन्यातल्या दुपारी, एसी बंद करून, शटर ओढून; आधी दारातून सरळ गल्ल्याकडे, मग भिंतीकडून भिंतीकडे आणि शेवटी कपाटाच्या आडून अगदी सावकाश चालत.