रंग बसतो, रंग मुरतो

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. तेथील एका शाळेत आम्ही गेलो होतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर एका मुलीची दोन चित्रे लावलेली होती. विषय एकच, पावसाळ्यातले डोंगर. रंगीत पेन्सिलींचे डोंगर अजून हिरवेगार होते. अल्कोहोल मार्करने रंगवलेले मात्र दोन वर्षांत पार फिकटले होते. "पैसे साठवून मार्कर घेतले होते. ते खराब निघाले का?" तिने विचारले. हा छंद आता अनेक मुलांना लागला आहे, म्हणून तिला दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने मांडत आहोत.

रंगीत पेन्सिलीच्या कांडीत रंगद्रव्याची बारीक पूड, मेण, शंखजिरे किंवा केओलिनसारखी माती आणि चिकटद्रव्य असते. साध्या पेन्सिलीतील ग्राफाइट व मातीची कांडी भट्टीत भाजतात. ही भाजत नाहीत, कारण त्या उष्णतेत मेण टिकणार नाही. कागदाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर कांडी घासली की मेणासह रंगाचे कण उंचवट्यांवर बसतात. खळगे कोरे राहतात, म्हणून पांढरे ठिपके दिसतात.

मार्करमध्ये बहुधा रंजक असतो. तो अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळलेला असतो, म्हणजे त्याचा रेणू न् रेणू सुटा असतो. केशाकर्षणाने ही शाई तंतूंमध्ये मुरते, अल्कोहोल उडून जाते आणि रंजक मागे राहतो. पाण्याने सेल्युलोजचे तंतू फुगतात व कागद सुरकुततो. अल्कोहोलने ते फारसे फुगत नाहीत. दुसरा हात दिला की आधीचा रंजक पुन्हा विरघळतो, त्यामुळे छटा एकमेकींत मिसळतात. जपानमध्ये १९८७ साली आलेले कोपिक मार्कर याच गुणामुळे चित्रकारांच्या पसंतीस उतरले.

रंग उडण्याचे मूळही येथेच आहे. प्रकाशातील, विशेषतः अतिनील किरणांतील ऊर्जेमुळे रंगीत रेणूंतील बंध तुटतात. रंगद्रव्याच्या कणात असंख्य रेणू एकत्र असतात. वरचे रेणू मोडले तरी आतले सुरक्षित राहतात. रंजकाच्या सुट्या रेणूला असे कवच नसते. अर्थात सर्वच पेन्सिली सारख्या टिकाऊ नसतात. रंगद्रव्य कोणते, यावरही बरेच अवलंबून असते.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. गाळणकागदाच्या पट्ट्यांवर तळापासून दोन सेंटिमीटरवर काळे स्केचपेन, काळा अल्कोहोल मार्कर आणि काळी रंगीत पेन्सिल यांचे ठिपके द्यावेत. पट्ट्यांचे टोक एकदा पाण्यात व एकदा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवावे. ठिपका द्रवाच्या वर राहिला पाहिजे. स्केचपेनचा ठिपका पाण्यात पसरेल, मार्करचा स्पिरिटमध्ये. पेन्सिलीचा बहुधा जागचा हलणार नाही. काळ्यातून निळा, जांभळा असे पट्टे सुटे झाले, तर ते वर्णलेखन होय. रशियन शास्त्रज्ञ त्स्वेत यांनी १९०३ साली वनस्पतींतील रंग याच तत्त्वाने वेगळे करण्याची रीत मांडली होती. स्पिरिट झटकन पेट घेते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास ज्योत नसावी आणि बाटली शिक्षकांच्याच हाती असावी.

दुसरा प्रयोग सावकाशीचा आहे. दोन्ही माध्यमांचे पट्टे रंगवून अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकावा आणि दिवाळीनंतर उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवावा. मग पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे शेजारी पाहावेत.

चित्र काढताना दोन्ही माध्यमे एकत्र वापरता येतात. क्रम मात्र पाळावा. आधी मार्करने सपाट रंग मुरवावा, तो वाळल्यावर पेन्सिलीने छाया व बारकावे भरावेत. उलट केले, तर मेणाचा थर शाई आत मुरू देत नाही आणि मार्करचे टोकही मेणाने भरते.

त्या मुलीला आम्ही सांगितले, "तुझे मार्कर खराब नव्हते, चित्राची जागा चुकली. मूळ चित्र फाइलमध्ये, अंधारात व कोरड्या जागी ठेव. भिंतीवर त्याची छायाप्रत लाव." उडालेला रंग परत येत नाही. म्हणून ही गोष्ट चित्र भिंतीवर लावण्याआधीच मुलांना सांगायला हवी.