घरीं केलेल्या जेलीचें बिघडणें

चेहऱ्यास लावण्याची पाण्याची जेली घरींच करण्याची हौस अलीकडे पुष्कळ घरांत दिसून येते. कार्बोमरची पांढरी भुकटी आणावयाची, ती पाण्यांत भिजवावयाची, अल्कलीचे चार थेंब घालावयाचे, कीं पाहतां पाहतां त्या पाण्याची कांचेसारखी स्वच्छ जेली बनते. येथवर सारें सुरळीत चालतें. मग तींत कुंडींतल्या कोरफडीचा गर पडतो, आणि घट्ट जेली घटकेभरांत ताकासारखी पातळ होते. भुकटी भेसळीची निघाली असें म्हणून दुकानदारास बोल लावला जातो. परंतु त्या बिचाऱ्याचा यांत बहुधा कांहीं अपराध नसतो.

कार्बोमर म्हणजे अतिलांब रेणूंच्या गुंडाळ्या होत. अल्कली मिळाली कीं त्यांवर जागोजाग ऋण विद्युद्भार येतो, सजातीय भार परस्परांस लोटतात, गुंडाळ्या उलगडतात आणि भोंवतालचें पाणी अडवून धरतात. जेलीचा घट्टपणा एवढ्यावरच उभा असतो. कोरफडीच्या रसांत पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचीं लवणें असतात. त्यांतील धनभारित कण हा ऋणभार झांकून टाकतात. रेणू पुन्हां आंखडतात व पाणी मोकळें होतें. विहिरीचें जड पाणी किंवा चिमूटभर मीठही हेंच करतें. लिंबाच्या रसाची तऱ्हा निराळी; तो अल्कलीलाच निष्प्रभ करतो. झँथन गमाची जेली लवणांस फारशी भीत नाहीं. मात्र केसांच्या कंडिशनरांत असतात तशीं धनभारित द्रव्यें तींत पडलीं तर तिचे दोरे व गोळे होतात. हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोजवर भारच नसल्यामुळें तें या दोन्ही तंट्यांपासून अलिप्त राहतें. सुगंधी तेलाच्या थेंबांनीं येणारा गढूळपणा या भांडणांतला नव्हे. तेल पाण्यांत विरघळत नाहीं, इतकेंच.

दोषी कोण हें ओळखण्यास सारी बरणी पणास लावण्याचें कारण नाहीं. साधी जेली करून ती लहान वाट्यांत वीस वीस ग्रॅम घ्यावी. प्रत्येक वाटींत एकच घटक, अखेरच्या पाककृतींत असेल त्याच प्रमाणांत घालावा. एक वाटी तशीच ठेवावी. झांकून रात्रभर ठेवल्यावर सकाळीं जी वाटी पातळ झालेली दिसेल तिचा घटक गुन्हेगार.

याहून गंभीर बिघाड मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. लिंबाच्या रसानें पातळ झालेली जेली सावरण्यासाठीं पुन्हां अल्कली घातली जाते, आणि ती सावरतेही. आतां तींत जंतुरोधक म्हणून सोडियम बेंझोएट असेल, तर तें फक्त आम्लरूपांत असतांनाच काम करतें. सोरेन्सेन यांनीं १९०९ सालीं आम्लता मोजण्यासाठीं योजलेल्या पी.एच. या मापानें पाहिलें तर ४ या अंकावर बेंझोएटचा शेंकडा ६० भाग आम्लरूपांत असतो, ५ वर सुमारें १४, आणि ६ वर अवघा दीड. कार्बोमर तर ६ च्या आसपास गेल्यावांचून नीट घट्ट होत नाहीं. म्हणजे जेली दिसावयास उत्तम, आणि आंत जंतूंना मोकळें रान! पाण्यांत वाढणारे स्यूडोमोनास जातीचे जंतू अशा जेलींतून डोळ्यांत गेले तर बुबुळास गंभीर इजा होऊं शकते. आणि आरंभीं जेलीला वासही येत नाहीं.

म्हणून बेंझोएट वापरावयाचें असेल तर झँथन किंवा सेल्युलोजची जेली करून पी.एच. ५ च्या खालीं राखावा, आणि तो जिभेनें नव्हे, कागदी पट्टीनें तपासावा. कार्बोमरच हवें असेल तर फिनॉक्सिइथॅनॉल घ्यावें. त्यास पी.एच. च्या चढउताराची फारशी पर्वा नसते. युरोपांतील नियमांनीं त्याची मर्यादा शेंकडा १ ठरविली आहे. बुरशीपुढें मात्र तें एकटें कांहींसें दुबळें पडतें, तेव्हां जोडीस दुसरें द्रव्य असावें. ई जीवनसत्त्व घातलें म्हणजे जेली टिकते, ही समजूत चुकीची आहे. तें तेलास खवट होण्यापासून वांचवितें, जंतूंस अडवीत नाहीं.

जंतुरोधकावांचून केलेली कोरफडीची जेली शीतकपाटांत ठेवून तीनचार दिवसांत संपवावी, उरली तर टाकून द्यावी. कार्बोमरची पारदर्शक बरणी खिडकींत ठेवूं नये. कोणताही घटक न बिघडतां केवळ उन्हानेंही ती जेली हळूहळू पातळ होते.