संगणकातला दप्तरी

परभणी - सातबाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दप्तराची वाट पाहण्याचे दिवस आता बरेच मागे पडले आहेत. राज्यात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा संगणकावर मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून करू लागला. मोंढ्यातील आडत दुकान, गावची पतसंस्था, शाळेचे कार्यालय, सर्वांचेच कागद हळूहळू संगणकात गेले. पण कागदांच्या जोडीला एक माणूसही असे. गठ्ठे बांधणारा, त्यांवर क्रमांक टाकणारा, जीर्ण कागद वेगळा काढणारा दप्तरी. संगणकात त्याचे काम कोण करते?

हे काम करतात आज्ञावलीतील छोटी छोटी साहाय्यक फंक्शने. 'फंक्शन' म्हणजे एकच ठरावीक काम करणारा, नाव दिलेला आज्ञांचा संच. फाइल उघडणे, जतन करणे, तिची प्रत काढणे, डिस्कवर जागा शिल्लक आहे का ते पाहणे, जुन्या तात्पुरत्या फाइली काढून टाकणे ही कामे प्रत्येक आज्ञावलीत शेकडो ठिकाणी लागतात. ती प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहिण्याऐवजी एकदाच, नीट तपासून लिहावीत आणि हवी तेथे नावाने बोलवावीत, हा शहाणा संकेत आहे. चूक सापडली तर ती एकाच ठिकाणी सुधारावी लागते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पायथन' या लोकप्रिय भाषेत तर अशा कामांसाठी 'ओएस', 'शूटिल', 'टेम्पफाइल' असे तयार संचच मिळतात.

वीज गेली तर?

हे काम वरवर क्षुल्लक वाटते. त्याचे मोल आणीबाणीच्या क्षणी कळते. समजा, आडत दुकानात दिवसभराच्या सोयाबीनच्या पट्ट्या संगणकावर चढवल्या आणि 'जतन करा' म्हटले. साधी आज्ञावली त्याच जुन्या फाइलवर नवा मजकूर लिहू लागते. अशा पद्धतीने लिहिण्यासाठी फाइल उघडताच तिच्यातील जुना मजकूर पुसला जातो. नेमकी त्याच क्षणी वीज गेली, तर जुना हिशेब गेलेला असतो आणि नवा आलेला नसतो. शेतकऱ्याच्या हातातील पट्टी तेवढी उरते.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. साहाय्यक फंक्शन नवा मजकूर आधी त्याच फोल्डरमधील एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते. तो खरोखरच डिस्कवर उतरला याची खातरजमा करते आणि शेवटी त्या फाइलला मूळ नाव देते. नाव बदलण्याची ही क्रिया बहुतेक संगणक प्रणालींत अखंड असते. म्हणजे ती पूर्ण होते किंवा होतच नाही. वीज केव्हाही गेली तरी हाती संपूर्ण जुनी किंवा संपूर्ण नवी फाइल राहते. दहा-बारा ओळींचे हे काम वर्षाचा हिशेब वाचवू शकते.

मराठी नावांची कसोटी

मराठी कागदपत्रांना आणखी एक काळजी लागते. आपल्या जिल्ह्यातील जिंतूर तालुक्याचे नाव कोणी अनुस्वार देऊन 'जिंतूर' लिहितो, तर कोणी 'जिन्तूर'. वाचणाऱ्याला दोन्ही एकच. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात आणि 'फाइल सापडत नाही' असे उत्तर येते. 'शेतकऱ्यांची' या शब्दातील 'ऱ' तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एकसंध 'ऱ' म्हणून किंवा साधा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा जोडीने. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखेच दिसतात, साठवण मात्र निराळी! चांगले साहाय्यक फंक्शन दोन्ही रूपे एकाच प्रमाण रूपात आणते. जिंतूरचा घोळ मात्र तेवढ्याने सुटत नाही. तेथे फाइलला गावाचे किंवा तालुक्याचे सांकेतिक क्रमांकच नाव म्हणून द्यावेत आणि मराठी नाव आत नोंदवावे, हे श्रेयस्कर.

नावाच्या लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्स प्रणालीत सर्वसाधारणपणे फाइलचे नाव २५५ बाइटांपुरते मर्यादित असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला प्रचलित 'यूटीएफ-८' पद्धतीत तीन बाइट लागतात. डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसणारा 'शेतकऱ्यांची' हा शब्द ३३ बाइट व्यापतो! म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपले. लांब नाव आंधळेपणाने कापणारे फंक्शन अक्षराच्या मधोमधच कात्री चालवते आणि नाव वाचण्यायोग्य राहत नाही.

पुसण्याआधी विचारा

सर्वाधिक सावधगिरी लागते ती फाइली पुसणाऱ्या फंक्शनला. जानेवारी २०१५ मध्ये 'स्टीम' या खेळांच्या सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीतील असा दोष जगभर गाजला होता. कोणते फोल्डर पुसायचे ते नाव ज्यात असायला हवे, ते स्थान काही परिस्थितीत रिकामेच राहिले. परिणामी आज्ञेचा अर्थ 'हे फोल्डर पुसा' असा न राहता 'मुळापासून सारे पुसा' असा झाला आणि वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलीही गेल्या. 'नाव रिकामे असेल तर थांबा' एवढी एक तपासणी तेथे पुरेशी ठरली असती.

परभणीपासून पालम-सोनपेठपर्यंत अनेक दुकाने आणि संस्था ओळखीच्या तरुणाकडून लहानशी आज्ञावली करून घेतात. पडदा आकर्षक दिसतो, पावती झटकन छापली जाते आणि काम पसंत पडते. पैसे देण्यापूर्वी मात्र चार प्रश्न अवश्य विचारावेत. जतन करताना वीज गेली तर काय होईल? डिस्क भरली तर सूचना मिळेल का? रोजची दुसरी प्रत कोठे ठेवली जाते आणि ती उघडून कधी पाहिली? मराठी नावाची फाइल दुसऱ्या संगणकावर नेली तर ती सापडेल का?

जुना दप्तरी लोकांच्या नजरेस फारसा पडत नसे. पण वाटणीचा किंवा बांधाचा वाद कचेरीत गेला, की त्याने जपलेला एक कागदच निकाल ठरवीत असे. संगणकातील या नव्या दप्तऱ्याचेही तसेच आहे. त्याची परीक्षा तो चुकल्यावर घेण्यापेक्षा आधीच घेतलेली बरी.