गाळातील धातूचा हिशेब

सुरतेजवळ, तापीच्या मुखाशी, हजिऱ्याच्या किनाऱ्यावर गेल्या तीन दशकांत पोलादाचा जो पसारा उभा राहिला, त्याचे वृत्त सामान्यतः उत्पादनाच्या आकड्यांत सांगितले जाते. परंतु भट्टीतून नि आम्लाच्या टाक्यांतून धातूबरोबर जे बाहेर पडते आणि निरुपयोगी म्हणून कुंपणाबाहेर लोटले जाते, त्यालाही एक इतिहास आहे.

सुरतेचा स्टेनलेस पोलादाशी संबंध जुना व दुहेरी. ज्या पांडेसरा-उधन्याच्या डाइंग मिलांवर खानदेशातून आलेल्या कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ चालतो, तेथील कापड रंगवण्याची जेट यंत्रे या पोलादाची. आणि फ्रान्समधील आयटर या अणुसंमीलन प्रकल्पाच्या सुमारे ३,८५० टनांच्या क्रायोस्टॅटचे (अणुभट्टीभोवतीच्या निर्वात पात्राचे) भाग हजिऱ्यातच लार्सन अँड टुब्रोने घडवून २०२० पर्यंत रवाना केले. हे पोलाद तापवताना वा जोडताना त्यावर जी खपली धरते, ती नायट्रिक व हायड्रोफ्लुओरिक आम्लांच्या मिश्रणाने काढावी लागते. उतरलेले आम्ल चुन्याने उदासीन केल्यावर फिल्टर प्रेसच्या कापडांमधून हिरवट-तपकिरी, दाबूनही निम्म्याहून अधिक पाणी धरून राहणारा जो केक सुटतो, त्यात लोखंड, क्रोमियम आणि निकेल ही तिन्ही असतात, शिवाय कॅल्शियम फ्लुओराइड. क्रोमाइट ओडिशातील सुकिंद्यात विपुल आहे; निकेल मात्र बव्हंशी परदेशांतून आणावे लागते, आणि तेच आपण गाळात सोडून देतो.

भोपाळच्या अनर्थानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला व त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे नियम जारी झाले, तेव्हा अशा गाळाचा सरकारी दप्तरात दाखला होऊ लागला. पुढे साठवणुकीची ९० दिवसांची मुदत आणि रवानगीपत्राच्या रंगीत प्रतींची तजवीजही झाली. बंदोबस्त आवश्यकच होता. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतेजवळच्या सचीन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून चोरून नाल्यात रसायन सोडले जात असताना उठलेल्या वायूने सहा कामगारांचा बळी घेतला, यावरून तो बंदोबस्त चुकवण्याची किंमत कोण मोजतो, हे उघड होते. तथापि, ज्या वर्गवारीने गाळाला घातक ठरवले, तिनेच त्याची वाट बहुधा भूभरणाकडे वळवली, आणि त्यातील धातू जमाखर्चातून कायमचा वजा झाला.

सराफकट्ट्यावरील केर धुऊन सोन्याचे कण वेचणाऱ्या झारेकऱ्यास जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, ते मोठ्या प्रमाणावर १९७८ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातील एलवुड सिटीत इन्मेटको कारखान्याने करून दाखवले: स्टेनलेस उद्योगाची धूळ, खपली व गाळ कोळशात मिसळून गोळ्या वळायच्या, फिरत्या भट्टीत त्यांतील प्राणवायू काढायचा आणि विद्युत् भट्टीत वितळवून लोह-निकेल-क्रोमियमचे ठोकळे पुन्हा पोलाद गिरण्यांना द्यायचे. स्वीडनमधील आव्हेस्ता येथे असा गाळ भाजून, त्यातील फ्लुओराइडमुळे, पोलादाच्या भट्टीत फ्लुओरस्पार या खनिजाऐवजी वापरण्याचा मार्ग शोधला गेला. आपल्याकडेही २०१६ च्या नियमांतील नवव्या नियमाने घातक कचरा साधनसामग्री म्हणून वापरण्यास परवानगीचे दार उघडले.

सचीनच्या दुर्घटनेनंतर पाचच महिन्यांनी, जून २०२२ मध्ये, हजिऱ्यात सुमारे एक किलोमीटरच्या सहापदरी सडकेचे उद्घाटन झाले. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली बांधलेल्या या सडकेत खडीऐवजी पोलाद भट्टीची सुमारे १ लाख टन धातुमळी (स्लॅग) वापरली आणि जाडीही सुमारे ३० टक्क्यांनी कमी ठेवता आली. मळीला हे भाग्य लाभले, कारण तिचा ढीग प्रचंड, मालक एक आणि गिऱ्हाईक दाराशी होते. गाळ मात्र अनेक कारखान्यांत थोडाथोडा निघतो, ओला असतो आणि कोणा एकट्यास भट्टी परवडावी इतका नसतो. परंतु अडचण हीच असेल, तर तिचा तोडगा सुरतेने पूर्वीच काढलेला आहे: पांडेसरा व सचीन येथील गिरण्यांनी आपले सांडपाणी सामाईक खर्चाने शुद्ध करण्याची पद्धत पत्करली, आणि जी भागीदारी टाकून देण्यासाठी जमली, ती धातू मिळवण्यासाठी जमू नये, असे मानण्यास काहीच कारण नाही.