बदकाचे पाय आणि खानदेशची फरशी

घरात नवे बदक आले की मुलांना त्याची चोच आवडते, मोठ्यांना त्याची डुलत चालण्याची ढब. तळपाय उलटून पाहण्याचे मात्र कोणालाच सुचत नाही, आणि पाळीव बदकाचे दुखणे बहुधा तेथेच सुरू होते. बाजारातून करुणेपोटी सोडवून आणलेले किंवा दुसऱ्याच्या घरून आलेले बदक पहिल्याच दिवशी मऊ टॉवेलात धरून त्याचे दोन्ही तळवे पाहावेत. धरताना पंखांसह अंग कवेत घ्यावे. पाय धरून उचलण्याची बाजारातली रीत क्रूर तर आहेच, शिवाय तिने सांधा निखळू शकतो.

बदकाचा पाय पाण्यासाठी आणि चिखलासाठी घडलेला आहे. पुढची तीन बोटे पातळ पडद्याने जोडलेली असतात आणि तळव्याची कातडी नाजूक असते. जळगाव-धुळ्याच्या अंगणातील शहाबादी फरशी, काँक्रीटचा ओटा, जाळीच्या तळाचा पिंजरा हे त्याच्या पायांचे वैरीच म्हणावेत. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. तेव्हा दुपारी त्या फरशीवर माणसाला अनवाणी उभे राहवत नाही. बदकाचे मात्र सारे वजन चोवीस तास त्याच कातडीवर असते. तळव्याला बारीक चीर पडते, ओल्या घाणीतून स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू आत शिरतात आणि तळवा सुजून मध्यभागी काळी खपली धरते. पशुवैद्यक या विकाराला ‘बंबलफूट’ म्हणतात. कोंबडीलाही तो होतो. मात्र अंगाने जड असलेल्या पांढऱ्या पेकिन बदकात तो विशेष आढळतो.

आरंभी उपाय घरगुती आहे. कोमट पाण्यात थोडे एप्सम सॉल्ट घालून पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवावा, नीट कोरडा करावा, पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ गॉझची पट्टी बांधावी. पट्टी रोज बदलावी आणि ती असेपर्यंत बदकाला कोरड्या, मऊ अंथरुणावर ठेवावे. जखम भरून आल्यावर स्वच्छ पाण्यात पोहू दिले तर पायांवरील भार हलका होतो. खपली ब्लेडने खरवडण्याचा मोह मात्र टाळावा. आतला पू घट्ट असतो, तो पिळून निघत नाही. संसर्ग हाडापर्यंत गेला तर पक्षी दगावू शकतो. सूज वाढली, पाय गरम लागला किंवा बदक खाणे सोडून बसून राहिले, तर पशुवैद्यकाकडेच न्यावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या किंवा कपाटात उरलेले प्रतिजैविक देऊ नये.

लंगडण्याचे प्रत्येक कारण तळव्यात नसते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पिल्लाचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले, घोट्याचा सांधा फुगला, तर दोष बहुधा आहारात असतो. बदकाच्या पिल्लाला दर किलो खाद्यामागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. कोंबडीच्या पिल्लाची गरज त्याहून बरीच कमी. कोंबडीच्या खाद्यावर किंवा नुसत्या मक्यावर वाढवलेले बदक त्यामुळे पायांनी अधू होते. मक्यातील नायसिन तर बरेचसे बांधलेल्या स्वरूपात असल्याने अंगी लागत नाही. शेंगदाण्याच्या पेंडीत हे जीवनसत्त्व भरपूर असते, पण खानदेशातील गृहिणीने येथे सावध राहावे. पावसाळ्यात पेंडीला आणि मक्याला बुरशी लागते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि बदकाचे पिल्लू त्या विषाला फार लवकर बळी पडते. जुनाट वासाची पेंड ‘जनावरालाच तर घालायची’ म्हणून वापरणे म्हणजे हाताने विष घालणे होय. नायसिनचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाले तर पाय सुधारतात. हाडे वाकडी होऊन पक्की झाल्यावर ते सरळ होत नाहीत.

उन्हाळ्यात साचलेल्या, कुजक्या पाण्यावर गेलेले बदक एकाएकी उभे राहीनासे झाले आणि मानही टाकू लागले, तर ते पायाचे दुखणे नव्हे. तो बॉट्युलिझम असू शकतो. तेथे तासांचाही विलंब चालत नाही.

उपचारासाठी जायचे कोठे, ही अडचण खरी आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचा राबता गाई-म्हशींचा आणि शेळ्यांचा. १९२९ साली सुरू झालेले पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात आजही चालते. पांजरापोळांची परंपरा खानदेशालाही नवी नाही. त्यांच्या गोठ्यांशेजारी पक्ष्यांसाठी एक सावलीची, मऊ मातीची खोली उभी राहिली, तर खर्च फार नाही. तोवर घरच्यांनी निदान पक्ष्यांचा सराव असलेल्या पशुवैद्यकाचा क्रमांक आधीच विचारून ठेवावा.

मेहरूण तलावाच्या काठी किंवा हतनूरच्या जलाशयावर जखमी आढळलेले हळदीकुंकू बदक यात येत नाही. ते वन्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला घरी पाळता येत नाही. खोक्यात काळोख करून, हवेसाठी भोके ठेवून, ते वनविभागाच्या स्वाधीन करावे.