‘गोपनीयता’ : राज्याची आणि नागरिकाची

मंत्री अधिकारग्रहणाच्या वेळी जी शपथ घेतात तिला ‘पदाची व गोपनीयतेची शपथ’ असे म्हणतात. इंग्रजीत ज्यास ‘प्रायव्हसी’ म्हणतात त्या नागरिकाच्या अधिकारासही मराठीत आता बहुधा ‘गोपनीयता’ हेच नाव दिले जाते. पहिल्या ठिकाणी राज्यसंस्था आपल्याजवळचे काही नागरिकापासून राखून ठेवते. दुसऱ्या ठिकाणी नागरिक आपल्याजवळचे काही राज्यसंस्थेपासून राखून ठेवतो. इंग्रजीत ‘सिक्रसी’ आणि ‘प्रायव्हसी’ हे शब्द वेगळे राहिले. मराठीत ‘खाजगीपणा’ हा शब्द उपलब्ध असूनही मागे पडला. हा दुहेरी उपयोग सदोष असला, तरी त्यातून एका खऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधले जाते. राज्यसंस्था जेव्हा एखाद्याचे दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकते, तेव्हा नागरिकाची गोपनीयता भंग पावते आणि तो भंग राज्याच्या गोपनीयतेने झाकला जातो. व्यक्तीचा खाजगीपणा व राष्ट्राची सुरक्षितता ह्यांच्या समतोलाचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

भारतात हा अधिकार मान्य होण्यास बराच काळ लागला. खडकसिंग प्रकरणात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांनी रात्री घरी जाऊन चौकशी करण्याची उत्तर प्रदेशातील तरतूद रद्द केली. परंतु खाजगीपणाचा अधिकार घटनेने दिलेला नाही, असे बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव ह्यांनी त्याविरुद्ध मत नोंदविले. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. मात्र तो निरपवाद नाही. त्यावर मर्यादा घालावयाची तर तीस कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू राज्याच्या दृष्टीने उचित हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा.

सुरक्षिततेची बाजू येथे दुबळी समजता कामा नये. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोर आणि सीमेपलीकडील त्यांचे सूत्रधार ह्यांच्यातील संभाषणे तपासयंत्रणेने ऐकली व ध्वनिमुद्रित केली. पुढे न्यायालयात तीच महत्त्वाचा पुरावा ठरली. ज्याच्यावर पाळत ठेवावयाची त्याला आधी सूचना द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. पाळत गुप्त असणे हा तिचा स्वभावच आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो असा की, कृती गुप्त असली तरी तिच्यामागील कारणही गुप्त असावे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या शब्दांतच होते. त्याच्या कलम ५(२) अन्वये, सार्वजनिक आणीबाणी उद्‌भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तरच संदेश अडविता येत. देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांचा विचार त्यानंतरचा होय. अर्थात् पहिली अट पूर्ण झाल्यावाचून दुसऱ्या पायरीवर जाता येत नाही. १९९६ साली ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ह्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ह्या दोन्ही शब्दांचा अर्थ स्पष्ट केला. आणीबाणी काय किंवा सुरक्षिततेस असलेला धोका काय, ही जनतेशी संबंधित अशी परिस्थिती असून, ती कोणाही समंजस माणसास दिसण्यासारखी असली पाहिजे. केवळ अधिकाऱ्याच्या मनात असून भागत नाही.

ह्या अर्थनिर्णयाचे व्यावहारिक फळ मुंबई उच्च न्यायालयाच्या २२ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात दिसते. लाचलुचपतीच्या एका प्रकरणात संभाषणे ऐकण्याचे तीन आदेश त्या न्यायालयाने रद्द केले आणि मिळविलेले संभाषण नष्ट करण्यास सांगितले. गुन्हा गंभीर असेल. पण तेवढ्याने ‘सार्वजनिक सुरक्षितता’ धोक्यात येत नाही, असा त्याचा आशय होता. हा अर्थ सर्वमान्य झाला आहे असे मात्र नाही. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणी तोच मार्ग अनुसरला, तर दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या रकमांचा भ्रष्टाचारही त्या शब्दांच्या कक्षेत येऊ शकतो असे मानले. दोन शब्दांची व्याप्ती किती, ह्यावर कितीतरी लोकांचे खाजगी बोलणे अवलंबून आहे, हे ह्यावरून ध्यानी येईल.

येथे आणखी एक अडचण आहे. वरील प्रकरणे न्यायालयापुढे आली, कारण त्यांत खटले झाले. ज्यांचे बोलणे ऐकले गेले, परंतु ज्यांच्यावर काहीच आरोप ठेवला गेला नाही, त्यांना ते कळण्याचा मार्गच नाही. आणि जे कळत नाही त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. १९९६ च्या निकालाने गृहसचिवांचा आदेश, त्याची मुदत व पुनर्विलोकन समिती ही बंधने घातली. पण कायद्यात तरतूद नसल्याने न्यायालयाची पूर्वसंमती आवश्यक ठरविली नाही. २००७ च्या नियमांनी एका आदेशाची मुदत ६० दिवस आणि एकूण मर्यादा १८० दिवस ठरविली. तार अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात आणि त्याखालील २०२४ च्या नियमांतही मूळ दोन शब्दप्रयोग व सचिवांची समिती ही कायम आहेत. आदेश देणारे आणि तो तपासणारे दोघेही शासनाचेच अधिकारी आहेत.

‘समतोल’ म्हटले की तराजूचे चित्र डोळ्यांपुढे येते आणि एका पारड्यात राष्ट्र ठेवल्यावर दुसऱ्यातील एकटी व्यक्ती नेहमीच हलकी भरते. म्हणून हे चित्र फसवे आहे. खरा विचार करावयाचा तो तराजू कोणाच्या हातात आहे आणि वजने उघड आहेत की नाहीत ह्याचा. राज्याची पाळत गुप्त राहू शकते. पण तिचे कारण समंजस नागरिकास पटण्याजोगे असले पाहिजे आणि ते शासनाबाहेरच्या कोणीतरी तपासले पाहिजे. त्यावाचून ‘गोपनीयता’ ह्या शब्दाचा पहिला अर्थ दुसऱ्यास गिळून टाकील.