पाच फेऱ्यांचे अस्वल

आकाश ढगाळलेले असेल आणि खेळपट्टीवर गवत राखलेले असेल, तर ज्याचा चेंडू भल्याभल्यांना उमगत नाही आणि ऊन पडताच ज्याला कुणीही झोडपून काढते, असा एखादा गोलंदाज प्रत्येक क्रिकेटशौकिनाच्या आठवणीत असतो. निवड समितीपुढे त्याचे नाव आले की वाद ठरलेला. पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेमच्या स्पर्धात्मक लढतींमध्येही संघ निवडताना हाच पेच पडतो. फरक एवढाच की, तेथे ढग खेळाडूला स्वतःच आणावे लागतात आणि ते थोडाच वेळ टिकतात.

पोकेमॉनचा पहिला गेम २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आला. आपल्याकडे २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर त्याची मालिका सुरू झाली आणि पिकाचू घरोघरी पोहोचला. मालिकेतल्या लढती भावनेच्या जोरावर जिंकल्या जातात. गेममधल्या लढती मात्र बुद्धिबळाच्या अधिक जवळच्या आहेत. प्रत्येकाकडे सहा प्राणी असतात. दर फेरीला दोघेही खेळाडू एकमेकांच्या नकळत आपली चाल निवडतात. हल्ला करायचा, की मैदानातला प्राणी मागे घेऊन दुसरा उतरवायचा, हा मुख्य प्रश्न असतो. मग ज्याचा वेग जास्त तो आधी वार करतो. पहिल्याच घावात समोरचा आडवा झाला तर त्याला उलट वार करण्याची संधीच मिळत नाही. त्यामुळे वेगाचा एकेक गुण येथे मोलाचा ठरतो.

हवामान या खेळात आले ते १९९९ मध्ये, दुसऱ्या पिढीच्या गेमबरोबर. पाऊस, कडक ऊन आणि वाळूचे वादळ या तिघांपैकी पावसात पाण्याचे हल्ले दीडपट आणि आगीचे निम्मे होतात. उन्हात याच्या उलट. २००२ च्या तिसऱ्या पिढीत गारपिटीची भर पडली आणि प्राण्यांना अंगभूत गुणही मिळाले. त्यांपैकी काही गुणांनी विशिष्ट हवामानात प्राण्याचा वेग थेट दुप्पट होतो. पावसासाठी ‘स्विफ्ट स्विम’, उन्हासाठी ‘क्लोरोफिल’. बर्फाच्या वाट्याला असा गुण येण्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले. त्याचे नाव ‘स्लश रश’.

बेअरटिक हे या गुणाचे एक धनी. २०१० मध्ये अवतरलेले हे पांढरे, धिप्पाड अस्वल निव्वळ बर्फ प्रकारचे आहे. २०१६ मध्ये त्याची मूळ ताकद ११० वरून १३० करण्यात आली, आणि १३० हा आकडा कोणत्याही हल्लेखोराला शोभणारा आहे. मूळ वेग मात्र अवघा ५०. त्यात बर्फ प्रकाराचा बचाव म्हणजे आनंदीआनंद. आग, कुस्ती, खडक आणि पोलाद या चारही प्रकारांचे घाव त्याला दुप्पट लागतात आणि घाव निम्मा होतो तो फक्त बर्फाचाच. वापराच्या क्रमवारीत हे अस्वल कायम तळाशी का, हे निराळे सांगायला नको.

तरीही अधूनमधून कुणीतरी त्याला संघात घेते, आणि त्यामागचे गणित भाबडे नसते. शंभराव्या पातळीवर, वेगाचे पूर्ण प्रशिक्षण आणि वेगाला पोषक स्वभाव दिल्यास बेअरटिकचा वेग २१८ होतो. बर्फ पडू लागले की तो ४३६. गारचॉम्प हा नावाजलेला ड्रॅगन याच हिशेबाने ३३३ वर थांबतो. वेगासाठी प्रसिद्ध असलेला ड्रॅगापल्टही ४२१ च्या पुढे जात नाही. म्हणजे एरवी सर्वांच्या मागे रेंगाळणारे अस्वल बर्फात या दोघांच्याही आधी वार करते, आणि ड्रॅगन प्रकाराला बर्फाचे घाव दुप्पट बसतात. गारचॉम्प ड्रॅगन आणि जमीन अशा दोन प्रकारांचा असल्याने त्याला तर चौपट. स्वभाव वेगाऐवजी ताकदीला पोषक दिला तर ताकद ३५९ वरून ३९४ वर जाते. पण बर्फातला वेग ३९८ वर येतो आणि ड्रॅगापल्ट हातचा निसटतो. या पस्तीस गुणांसाठी ड्रॅगापल्टला मोकळे सोडायचे की नाही, यावर दोन खेळाडूंचे एकमत होणे कठीण.

वेगाचा आणखी एक लाभ आहे. ‘आइसिकल क्रॅश’ या त्याच्या मुख्य हल्ल्याची शक्ती ८५. दहापैकी एकदा तो चुकतो, पण लागला तर ३० टक्के वेळा समोरचा दचकून आपली चाल गमावतो. दचकवण्याचा उपयोग आधी वार करणाऱ्यालाच असतो. बर्फ नसताना अस्वलाच्या दृष्टीने ही तीस टक्के संधी बहुतेकदा कागदावरच राहते.

फेऱ्यांचा जमाखर्च

खरी अडचण येथून पुढे आहे. २०१३ पूर्वी अंगभूत गुणाने आणलेले हवामान दुसरे कुणी बदलेपर्यंत कायम राहत असे. अबॉमस्नो मैदानात पाऊल टाकी आणि गारपीट संपूर्ण लढतभर चाले. सहाव्या पिढीने ही मुदत पाच फेऱ्यांवर आणली. ‘आयसी रॉक’ हा दगड जवळ असल्यास आठ. दुर्दैव असे की, न संपणारी गारपीट होती तेव्हा ‘स्लश रश’ नव्हता आणि ‘स्लश रश’ आला तेव्हा गारपिटीला मुदत लागलेली होती. अस्वलाचा जन्मकाळच चुकला म्हणायचा.

या पाच फेऱ्या कशा खर्च होतात ते पाहण्यासारखे आहे. समजा, खेळाडूने अलोला प्रदेशातली नाइनटेल्स ही कोल्हीण सर्वांत आधी उतरवली. ती येताच बर्फ पडू लागते. पहिल्या फेरीत ती ‘ऑरोरा व्हेल’ हे संरक्षक कवच उभारते; हे कवच बर्फ पडत असतानाच उभारता येते आणि त्यामागे सर्व प्रकारचे घाव निम्मे होतात. दुसऱ्या फेरीत तिला मागे घेऊन अस्वल उतरते. उरल्या तीन फेऱ्या. त्यांतली एक ‘सोर्ड्स डान्स’ करून ताकद दुप्पट करण्यात घालवली तर प्रत्यक्ष वार दोनच. कोल्हिणीला ‘आयसी रॉक’ दिला तर बर्फ वाढते, ‘लाइट क्ले’ दिली तर कवच वाढते. दोन्ही देता येत नाहीत, कारण प्रत्येक प्राण्याला एकच वस्तू बाळगण्याची मुभा आहे.

२०२२ च्या नवव्या पिढीने यावर एक चांगला तोडगा दिला. स्लोकिंगला ‘चिली रिसेप्शन’ नावाची चाल मिळाली. ही चाल एकाच फेरीत बर्फ आणते आणि स्लोकिंगला माघारी बोलावून दुसऱ्या प्राण्याला जागा करून देते. स्लोकिंगचा मूळ वेग अवघा ३०. त्यामुळे समोरचा बहुधा आधी वार करतो, तो स्लोकिंग झेलतो, आणि अस्वल ओरखडाही न पडता मैदानात येते. बर्फाची एकच फेरी खर्ची पडते, चार उरतात. दगड असल्यास सात. शिवाय स्लोकिंग पाणी आणि मानसशक्ती या प्रकारांचा. आग, पोलाद आणि कुस्ती या अस्वलाच्या चारपैकी तीन शत्रूंचे घाव तो निम्म्यावर आणतो, आणि ‘रीजनरेटर’ हा गुण असल्यास माघारी जाताना एक तृतीयांश प्रकृती भरून काढतो. बेअरटिकविषयीची चर्चा बहुतेकदा अस्वलाभोवतीच फिरते. वास्तविक या जोडीत मोठा भाग स्लोकिंगचा आहे. तो मार खाऊन निकामी झाला की अस्वल पुन्हा २१८ वेगाचे एक सुस्त जनावर उरते.

याच पिढीत गारपीट जाऊन तिच्या जागी बर्फवृष्टी आली. गारपीट बर्फ प्रकार वगळता इतर प्राण्यांना दर फेरीला एक सोळांश इजा करी. ती इजा बंद झाली. मोबदल्यात बर्फ प्रकाराच्या प्राण्यांचा शारीरिक बचाव दीडपट झाला. जवळ येऊन घातलेला कुस्तीचा घाव सोसून उभे राहण्याची थोडी आशा अस्वलाला तेव्हापासून वाटू लागली.

वेग जेथे थिटा पडतो

जाणता प्रतिस्पर्धी अस्वलाशी वेगात स्पर्धा करायला जात नाही. त्याच्याकडे ‘बुलेट पंच’ आणि ‘माक पंच’ यांसारखे हल्ले असतात, जे वेग न पाहता आधीच चालतात. पहिला पोलादाचा, दुसरा कुस्तीचा; दोन्ही अस्वलाच्या वर्मी लागणारे. ‘चॉइस स्कार्फ’ बांधलेला गारचॉम्प ४९९ वेगाने धावतो आणि ४३६ तेथे अपुरे पडतात. ‘टॉन्ट’ या डिवचण्याने स्लोकिंगची चालच रोखली जाते. मैदानात आधीच ‘स्टेल्थ रॉक’ पसरलेले असतील तर प्रत्येक प्रवेशाला अस्वलाची एक चतुर्थांश प्रकृती जाते. ‘हेवी-ड्यूटी बूट्स’ घालून ते टाळता येते, पण मग ताकद वाढवणारी वस्तू बाळगता येत नाही. गोल्डेंगो हा पोलाद आणि भूत प्रकाराचा प्राणी तर आइसिकल क्रॅशला जुमानत नाही, आणि अस्वलाचा दुसरा जोरकस हल्ला ‘सुपरपॉवर’ हा कुस्तीचा असल्याने भुताच्या आरपार निघून जातो. त्याचा काटा काढल्याशिवाय अस्वल बाहेर काढणे म्हणजे मोजक्या फेऱ्या वाया घालवणे.

सर्वांत साधा उपाय मात्र हवामानच बदलून टाकण्याचा. पेलिपर आला की पाऊस, टॉर्कोल आला की ऊन, टायरॅनिटार आला की वाळू. दोन हवामानकर्ते एकाच वेळी उतरले तर आधी वेगवानाचा गुण लागू होतो आणि मग संथाचा; साहजिकच संथ प्राण्याचे हवामान टिकते. २० मूळ वेगाच्या टॉर्कोल कासवापुढे १०९ वेगाची कोल्हीण येथे हरते. अबॉमस्नोचा मूळ वेग ६० आणि टायरॅनिटारचा ६१. या एका गुणाच्या फरकावर अनेकांनी आपले संघ बेतले आहेत. बेअरटिकमध्ये ‘स्विफ्ट स्विम’ हा पावसाचा गुणही असू शकतो, पण एका वेळी एकच गुण घेता येतो. शत्रूने पाऊस पाडला म्हणून अस्वलाला आयत्या वेळी पोहता येत नाही.

अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा २००९ मध्ये सॅन डिएगो येथे पहिल्यांदा भरली. तेथील लढती दुहेरी असतात, म्हणजे प्रत्येक बाजूचे दोन प्राणी एकत्र मैदानात येतात. अशा लढतीत कोल्हीण कवच उभारत असतानाच तिच्या शेजारी अस्वल वार करू शकते आणि पाचही फेऱ्या उपयोगी पडतात. पण दुहेरीत जवळजवळ प्रत्येकाकडे ‘प्रोटेक्ट’ असते. प्रतिस्पर्धी ढालीआड बसून एक फेरी काढतो, अदलाबदलीत दुसरी काढतो, आणि बर्फ आपोआप विरते.

राहता राहिला सेटिटन. २०२२ मध्ये आलेल्या या देवमाशासारख्या प्राण्यातही ‘स्लश रश’ असू शकतो. मूळ प्रकृती १७०, अस्वलाची ९५. ताकदीला पोषक स्वभाव देऊनही बर्फातला त्याचा वेग ४९० राहतो, म्हणजे ड्रॅगापल्ट सहज मागे पडतो, आणि ताकद ३५७ भरते. वेगवान अस्वलाहून दोनच गुण कमी. एका संघात बर्फातला एकच धावपटू घ्यायचा झाला तर आकडे सेटिटनच्या बाजूने बोलतात. अस्वलाकडे उरतात ते ३९४. ड्रॅगापल्ट आधीच बाद झालेला आहे, स्लोकिंग अजून जिवंत आहे, बर्फाच्या चार फेऱ्या शिल्लक आहेत आणि समोरची भिंत ३५७ च्या घावाने थोडक्यात उभी राहते पण ३९४ च्या घावाने कोसळते, अशी वेळ काही लढतींत येते. तेवढ्यासाठी काही जण त्याला अजून सहांत ठेवतात.